शंभरात शहाण्णव

कचेरीत तिला सगळे तुलनाबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. नगररचना कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला चिकटून असलेल्या अरुंद खोलीत ती बसे. दोन नकाशे घ्यायचे आणि ते एकमेकांसारखे किती आहेत ते सांगायचं, एवढंच तिचं काम.

ते ऐकून लोक हसत. "त्यात काय मोठं? डोळे आहेत की," असं शेजारच्या खोलीतला लेखनिक एकदा म्हणाला होता. तिने त्याच्यापुढे दोन नकाशे ठेवले आणि म्हणाली, "काढा फरक." त्याने अर्धा तास मान मोडून तीन फरक काढले. तिने तेच नकाशे संगणकावर एकावर एक ठेवले, तर चारशे बारा निघाले. तेव्हापासून लेखनिक तिच्या वाटेला गेला नाही.

हे नकाशे जमिनीच्या वापराचे असत. कुठे शेती, कुठे घरं, कुठे झाडी, कुठे पाणी, कुठे पडीक, कुठे मोकळं मैदान, कुठे खाण, असे सात रंग. अख्खं शहर आणि त्याच्या भोवतीचा मुलूख बारीक चौकोनांत कापलेला असे. एक चौकोन म्हणजे जमिनीवर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. असे दोन लाखांच्या वर चौकोन, आणि प्रत्येकाला एकच रंग. दोन्ही नकाशांत एका जागी एकच रंग असला की तो चौकोन जुळला. शंभरात किती जुळले, तो आकडा तिने साहेबांच्या टेबलावर ठेवायचा.

त्या वर्षी शहराचा नवा आराखडा व्हायचा होता. नियम असा होता की आराखड्याआधी जमिनीचा नकाशा दोन वेगळ्या हातांनी, एकमेकांना न विचारता तयार करायचा. दोघांचं बहुतेक जुळलं, तर नकाशा खरा धरायचा. पहिला नकाशा कचेरीतल्या मोजणीदारकाकांनी नोकरीच्या शेवटच्या वर्षी केला होता. विमानातून काढलेला फोटो समोर ठेवून, आणि शंका आली तिथे गुडघे दुखत असतानाही पायी जाऊन. दुसरा एका बाहेरच्या कंपनीने त्याच फोटोवरून करून दिला होता.

तुलनाबाईने दोन्ही लावले, मशीन थोडा वेळ गुरगुरलं आणि आकडा आला. शहाण्णव.

साहेब खुर्चीतून अर्धे उठलेच. "शंभरात शहाण्णव! बाई, उद्याच वर पाठवून देऊ. आजवर कधी पंच्याऐंशीच्या वर गेलो नव्हतो आपण."

"तेच म्हणते मी, साहेब," ती म्हणाली. "कधी गेलो नव्हतो."

"मग आनंद माना की."

तिला आनंद मानता येईना. माणसाच्या पायात खडा गेला की तो चालतो, बोलतो, हसतोसुद्धा, पण लक्ष सगळं त्या खड्यात. तसं तिचं झालं. आधी तिने स्वतःची समजूत घातली. या भागात शेती अमाप, शंभरातले सत्तर चौकोन शेतीचेच. याच प्रमाणात डोळे मिटून दोघांनी नुसते रंग उधळले असते, तरी निम्मे चौकोन आपोआप जुळले असते. तेव्हा मोठ्या आकड्याला भुलायचं कारण नाही. पण ही सवलत तर दर वेळी असायची. मग मागचे नकाशे ऐंशी-पंच्याऐंशीवरच का अडायचे?

तिने साहेबांकडे तीन आठवडे मागितले. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून दिले.

पहिलं काम तिने असं केलं की फोटोचा एक कोपरा घेतला आणि त्याचा नकाशा स्वतः रंगवला. तो ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. आठ दिवसांनी तोच कोपरा पुन्हा, जुन्याकडे ढुंकूनही न बघता रंगवला. मग दोन्ही जुळवून पाहिले. एक्याण्णव.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. नऊ चौकोनांत तिचंच तिच्याशी पटत नव्हतं. बांधावरची झाडं एकदा तिने झाडीत धरली होती, एकदा शेतीत. घरामागचं अंगण एकदा घरात गेलं होतं, एकदा मैदानात. यात चूक कुणाची म्हणायची? दोन्ही वेळा मन लावूनच केलं होतं. पण एकच बाई आठ दिवसांच्या अंतराने एक्याण्णव जुळते, तर एकमेकांची तोंडंही न पाहिलेली दोन माणसं शहाण्णव कशी जुळतात?

संध्याकाळी तिने ही गोष्ट घरी काढली. घरी तीन माणसं. ती, तिचा नवरा आणि तिची आई. नवरा शहर बससेवेत चालक होता आणि आई तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. आईला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण अजून कुणी काही सांगायला लागलं की ती पेपर तपासत असल्यासारखी ऐकायची.

"म्हणजे तुझा संशय काय, कॉपी केली?" आईने थेट विचारलं.

"संशय असा नाही गं. पण जुळणं जरा जास्तच आहे."

"जुळण्यावरून कॉपी कळत नसते," आई म्हणाली. "दोन हुशार मुलींचे पेपर सारखेच येतात, बरोबर उत्तर एकच असतं म्हणून. मी नेहमी चुका बघायचे. बरोबर यायला वाट एक, चुकायला शंभर. त्या शंभरातल्या एकाच वाटेने दोघी चुकल्या, तर समजायचं, एक पुढे चालली होती आणि दुसरी तिच्या पावलावर पाऊल टाकत होती."

तुलनाबाईच्या हातातला कप तोंडापाशीच राहिला. ती आजवर कुठे जुळत नाही तेच शोधत आली होती. जुळलेल्या चौकोनांकडे कोण बघतं? जुळलं म्हणजे सुटलं.

"पण जुळलेल्यातलं चुकलेलं कोणतं, हे मला कसं कळणार? माझ्याकडे तिसरी उत्तरपत्रिका कुठे आहे?"

"जमीन आहे ना," नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "ती कुठे पळून गेलीय?"

झालं. दोन्ही नकाशांत जुळलेले चौकोन तिने रंगांप्रमाणे वेगळे काढले. सात रंगांतले सात-सात, असे एकूणपन्नास चौकोन जाऊन बघायचे ठरले. मनाला वाटतील ते निवडायचे नाहीत, म्हणून प्रत्येक रंगाच्या जागांच्या चिठ्ठ्या करून आईला उचलायला लावल्या. आईने डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून, निकाल लावल्यासारख्या चिठ्ठ्या उचलल्या.

रविवारी स्कूटरवर बसताना नवरा म्हणाला, "सहा दिवस बस चालवतो, सातव्या दिवशी बायको चालवते."

"अहो, तुम्हीच म्हणालात जमीन पळून गेली नाही म्हणून."

"बोलणाऱ्याने बोलून जावं, पण घरात बोलू नये," असं म्हणत त्याने किल्ली फिरवली.

दोन रविवार ते फिरले. चौकोन सापडला की ती त्याच्या मधोमध उभी राहायची, भोवती बघायची आणि वहीत बरोबर किंवा चूक लिहायची. शेतं बरोबर होती, घरं बरोबर होती. नदीकाठच्या झाडीत एका चौकोनापाशी जाईपर्यंत नवऱ्याची चप्पल तुटली, पण झाडी बरोबर होती. पहिली चूक पाण्यात निघाली. दोन्ही नकाशांत जिथे छोटं तळं होतं, तिथे निघाली फुलझाडांची रोपवाटिका. रोपांवर निळं प्लॅस्टिक ताणलेलं, ऊन पडलं की लखलखणारं.

"सापडलं!" ती ओरडली. आत पाणी घालणारा माळी दचकून बाहेर आला.

घरी आल्यावर मात्र आईने हवा काढून घेतली. "याला कॉपी म्हणत नाहीत. प्रश्नच फसवा होता. वरून निळं दिसलं, दोघांनी आपापल्या जागी बसून पाणी लिहिलं. दोन शहाणी माणसं एकाच खड्ड्यात पडू शकतात, खड्डा रस्त्याच्या मधोमध असला तर. तुला अशी चूक हवी, जी फोटो बघून कुणीच करणार नाही."

ती चूक दुसऱ्या रविवारी सापडली, खाणीच्या रंगात. दोन्ही नकाशांत खाणी चारच होत्या. तीन डोंगराच्या बाजूला, आणि त्या तिथे होत्याच, धूळ उडवत. चौथी होती शहराच्या आत, दाट वस्तीच्या मधे. एकतीस चौकोन मिळून काजूसारखा आकार. दोन्ही नकाशांत तोच काजू, त्याच वळणाचा.

"इथे खाण?" नवऱ्याने स्कूटर उभी केली. "या रस्त्याने मी अकरा वर्षं बस नेतोय. इथे खाण असती तर मी तिच्यात एकदा तरी पडलो असतो."

समोर एक मैदान होतं. दोन झोके, एक घसरगुंडी, कडेला बाकं, आणि तिन्ही बाजूंनी एकमजली घरांची रांग. फोटोतही हे मैदान स्वच्छ दिसत होतं, झोक्यांच्या सावल्यांसकट. फोटो बघून इथे खाण लिहायची, तर माणूस आंधळा तरी हवा, नाहीतर त्याने फोटो बघितलेलाच नसावा.

हाताशी पुरावा आला होता. एखादी असती तर तिथूनच मागे फिरली असती. पण तुलनाबाईच्या डोक्यात आता दुसराच किडा वळवळायला लागला. कंपनीने नक्कल केली, हे ठीक. पण मुळात मोजणीदारकाकांनी इथे खाण का लिहिली? बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्या माणसाने विहिरीची जागा हातभर चुकवली नव्हती.

कोपऱ्यावरच्या घरात एक शिंपीण दाराशी मशीन घेऊन बसली होती. तुलनाबाईने पाणी मागितलं, आणि पाणी पिता पिता बघितलं की मशीनच्या एका बाजूच्या पायांखाली लाकडाचे तुकडे सरकवलेले आहेत.

"जमीन उतरती आहे वाटतं?"

"आधी नव्हती," शिंपीण म्हणाली. "सहा-सात वर्षांपूर्वी एक तुकडा पुरायचा. आता तीन लागतात. रीळ खाली ठेवलं की सरळ मैदानाकडे धावतं. आणि या दाराला सुताराने तीनदा रंधा मारलाय, तरी लागत नाही. आमचे हे म्हणतात दार फुगतं. मी म्हणते, दार एवढं फुगायला त्याला खायला कोण घालतंय?"

भिंतीवर एक भेग छतापासून खिडकीपर्यंत आली होती. सिमेंट भरलेलं होतं, आणि भरलेल्या सिमेंटलाही नवी भेग गेली होती.

"तक्रार नाही केली?"

"कुणाकडे? आता या मैदानावर तीन मजली दवाखाना होणार आहे म्हणे. तेव्हा सगळंच नीट करतील."

तुलनाबाईने नवऱ्याकडे बघितलं. तो भेगेकडे बघत होता, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचत नव्हता.

मोजणीदारकाका शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत. ती सोमवारी कचेरी सुटल्यावर तिथे गेली. काकूंनी दार उघडलं. काका आतल्या खोलीत जमिनीवर बसून जुनी घड्याळं दुरुस्त करत होते, भोवती बारीक स्क्रूंच्या वाट्या. उठायला त्यांना वेळ लागला, म्हणून तीच खाली बसली.

"काका, रागावू नका. एक विचारायचं होतं. तुमच्या नकाशात वस्तीमधल्या मैदानावर खाण आहे."

काकांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "आठ महिने लागले तुम्हा लोकांना. मला वाटलं होतं, महिन्याभरात कुणीतरी येईल."

"म्हणजे चूक नव्हती?"

"नियमाने बघशील तर चूकच. आज जे वर दिसतं ते लिहायचं, असा नियम. वर मैदान आहे. पण खाली खाण आहे, पोरी. माझे वडील तिथे दगड फोडायचे. मी त्यांचा डबा घेऊन जायचो. काठावर उभं राहिलं की तळातली माणसं मुंग्यांएवढी दिसायची. पुढे दगड संपला, आणि शहराने वीस वर्षं कचरा टाकून ती भरली. वर चार बोटं माती टाकली, झोके लावले. कचरा कुजतो तशी जमीन बसते. त्यात कुणी मोठी इमारत बांधली..." त्यांनी पुढचं हाताने दाखवलं, तळवा हळूहळू खाली नेत.

"तुम्ही कळवलं नाहीत वर?"

"तीनदा लेखी दिलं. पहिलं पत्र हरवलं. दुसरं योग्य त्या खात्याकडे गेलं. तिसऱ्याचं उत्तर आलं, की कळवल्याबद्दल आभार." काका हसले. "मग म्हटलं, पत्र कुणी वाचत नाही, नकाशा तरी वाचतील. जाता जाता एकतीस चौकोन खाणीचे करून टाकले. माझ्या हिशेबाने दुसऱ्या नकाशात तिथे मैदान आलं असतं, दोन्हींत फरक पडला असता, आणि तू फरक शोधायला तिथे गेली असतीस."

"पण फरक पडलाच नाही, काका. दुसऱ्या नकाशातही खाण आहे."

काकांनी हातातला स्क्रू वाटीत टाकला. मग त्यांना एवढं हसू आलं की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अगं ऐकलंस का? कुणीतरी माझी नक्कल केली! बत्तीस वर्षांत कुणी माझी पेन्सिलसुद्धा उचलली नव्हती."

"तुमच्या पेन्सिली होत्याच तशा, चावलेल्या," काकू म्हणाल्या.

जाताना काका दारापर्यंत आले. म्हणाले, "त्या पोराला फार रागावू नकोस. कुणी का असेना, त्याने खाण जपून ठेवली."

तो पोरगा नव्हता, पोरगी होती. कंपनीत चौकशी केली तेव्हा मोठा चष्मा लावलेली, पंचवीसेक वर्षांची एक मुलगी तिच्यासमोर येऊन बसली. खोलीत चार मशीन होती आणि तीन खुर्च्या रिकाम्या. तुलनाबाईने दोन नकाशांतला तो काजू शेजारी-शेजारी ठेवला.

चष्मेवालीने एकदा बघितलं, आणि तिचा चेहरा कागदासारखा झाला.

"मॅडम, आधी आम्ही सहा जण होतो. मुदत तीच राहिली आणि माणसं दोन राहिली. तुमच्या कचेरीतून रंग कसे द्यायचे त्याचा नमुना म्हणून पहिला नकाशा आला होता. मी..." ती थांबली. "मी तोच घेतला."

"शंभरच्या शंभर का नाही घेतलास? चार का बदललेस?"

मुलीला वाटलं होतं, आता ओरडा बसणार. हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. "सगळं सारखं आलं असतं तर लगेच कळलं असतं."

"ते झालंच. पण कोणते चार? डोळे मिटून?"

"नाही मॅडम. फोटो लावून जेवढा बघता आला तेवढा बघितला. जिथे मला खरंच वेगळं वाटलं, तिथेच बदललं. नदीच्या वळणावर त्यांनी शेती लिहिलीय, पण तिथे झाडी वाढलीय. जुन्या गोदामांच्या मागे घरं झालीत. असे सगळे."

तुलनाबाई पुढे सरकून बसली. तिचा राग आलेल्या वाटेने परत गेला. "म्हणजे त्या चार टक्क्यांत तू खरं काम केलंस. आणि मी तेवढेच चार टक्के बिघडलेले समजत होते."

मुलगी चष्मा काढून पुसू लागली. काचा स्वच्छ होत्या.

"मैदानावरची खाण नाही का खटकली?"

"तिथपर्यंत पोचलेच नाही, मॅडम. मुदत संपली."

तीन आठवडे संपले त्या दिवशी साहेबांच्या खोलीत बैठक बसली. साहेबांनी वर पाठवायचं पत्र टाइप करूनच ठेवलं होतं, आकडा ठळक अक्षरांत. तुलनाबाईने ते वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"साहेब, आकडा खरा आहे, शंभरात शहाण्णव. पण तो जे सांगतो असं आपल्याला वाटतं, ते तो सांगत नाही. आपण दोन साक्षीदार बोलावले. दुसऱ्याने पहिल्याची जबानी पाठ केली. दोघांचं जुळलं म्हणून ते खरं होत नाही."

"पाठ केली कशावरून?"

तिने खाण दाखवली. मग फोटोतलं मैदान दाखवलं. साहेबांनी फोटो डोळ्याजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. "म्हणजे नकाशा तर चुकीचा आहेच, वर नक्कलही चुकीची. उत्तम! आता वर काय तोंड दाखवू मी?"

"नकाशा चुकीचा नाही, साहेब. तीच तर मजा आहे," ती म्हणाली, आणि मग शिंपिणीच्या मशीनखालचे तीन तुकडे, भेगेतली भेग, काकांचे वडील, तळात मुंग्यांएवढी दिसणारी माणसं, सगळं सांगितलं. "दवाखाना तिथेच होणार आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. काकांवरही ठेवू नका. फक्त एक भोक पाडून बघा."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना घाई होती, एवढंच. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, परत आले, लेखनिकाला म्हणाले, "जुनी पत्रं शोधा. मोजणीदारांनी तीन दिली म्हणतात." लेखनिक धुळीने पांढरा होऊन तासाभराने आला, तेव्हा त्याच्या हातात दोन पत्रं होती. साहेबांनी दोन्ही उभ्यानेच वाचली आणि फोन उचलला.

पुढच्या आठवड्यात मैदानाच्या मधोमध तीन पायांचा सांगाडा उभा राहिला आणि भोक पाडायचं काम सुरू झालं. शिंपीण मशीन सोडून बघायला आली. मोजणीदारकाकांना तुलनाबाईच्या नवऱ्याने स्कूटरवरून, दोन्ही गुडघे सांभाळत आणलं. वर आधी माती आली. मग काळी राख, बाटल्यांच्या काचा, चपलेचे तळ, फुटक्या बशा. पाच मीटरवर तेच, दहा मीटरवर तेच. बारा मीटरपर्यंत दगडाचा पत्ता नव्हता. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "अहो, हे काय कपाट आहे का? नुसतं सामानच निघतंय."

अखेर चौदा मीटरवर दगड लागला. आवाज बदलला तसे काका बाकावरून उठले. "तळ आला," एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ त्या भोकाकडे बघत उभे राहिले.

दवाखान्याची जागा बदलली. काठावरच्या अकरा घरांची तपासणी सुरू झाली, आणि शिंपिणीला दुसरीकडे घर मिळेपर्यंत दोन खोल्या देण्यात आल्या. तिथे रीळ खाली ठेवलं तर जागच्या जागी राहतं की नाही, ते तिने पहिल्याच दिवशी करून बघितलं. नकाशात ती जागा काय दाखवायची, यावर कचेरीत तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं, रंग मैदानाचा, वर तिरप्या रेघा, आणि कोपऱ्यात टीप. नियमात तिरप्या रेघा नव्हत्या. आता आहेत.

कंपनीने चूक कबूल केली. चष्मेवालीला काढून टाकायचं त्यांच्या मनात होतं. तुलनाबाईने कळवलं, की दुसरा नकाशा पुन्हा करायचाच आहे, तर तो याच मुलीने करावा, पुरेसा वेळ देऊन आणि पहिला नकाशा न दाखवता. "तिला ही जमीन आमच्या कचेरीपेक्षा बरी दिसते," असं तिने पत्रात लिहिलं. साहेबांनी ते वाक्य खोडायला पेन उचललं, आणि मग तसंच राहू दिलं.

तीन महिन्यांनी नवा नकाशा आला. मशीन गुरगुरलं. चौऱ्याऐंशी.

"चौऱ्याऐंशी!" साहेब हिरमुसले. "शहाण्णववरून चौऱ्याऐंशी."

"पण हे खरे दोन जण आहेत, साहेब," ती म्हणाली. तिला त्या आकड्याकडे बघून इतकं बरं वाटत होतं की तिने त्याची एक प्रत स्वतःसाठी छापून घेतली. "आता उरलेल्या सोळांत काय दडलंय ते बघायचं."

फरकाचे चौकोन हजारोंनी होते, पण ते झुंडीने होते. एका झुंडीला एक फेरी पुरत होती. साहेबांनी कचेरीची गाडी आठवड्यातून दोन दिवस दिली. पहिल्या फेरीला चष्मेवालीही आली, नवीन बूट घालून, पाण्याच्या तीन बाटल्या घेऊन. शहर मागे पडलं, रस्ता कच्चा झाला, आणि ड्रायव्हरने एका बांधाशी गाडी थांबवली.

"इथे काकांनी शेत लिहिलंय, मी पडीक," मुलगी कागद बघत म्हणाली. "बरोबर कोण?"

समोर गुडघाभर गवत होतं, आणि गवतात मधेच सरळ ओळींत काहीतरी उगवलेलं दिसत होतं. बांधावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. तुलनाबाई त्यांच्यापाशी गेली, नमस्कार केला आणि विचारलं, "काका, हे शेत म्हणायचं की पडीक?"

"शेत," म्हातारा म्हणाला.

"पडीक," म्हातारी त्याच दमात म्हणाली.

"अगं, मी पेरलंय त्यात!"

"पेरलंय म्हणे. चार वर्षांपूर्वी पेरलं होतं, तेच आपलं आपण उगवतंय. तुमचा हात कुठे लागलाय?"

चष्मेवालीने तोंडावर कागद धरला. खांद्यांवरून कळत होतं की ती हसतेय. तुलनाबाई मात्र गवतात उतरली, ओळींपाशी वाकली, माती बोटांत चुरून बघितली, आणि वळून तिने म्हातारीला विचारलं, "मावशी, यातलं गेल्या वर्षी काही कापून घरी नेलंत का?"

म्हातारी विचारात पडली. म्हातारा पुढे सरसावला.

"थांबा, थांबा," तुलनाबाई वही उघडत म्हणाली. "एकेकाने सांगा. आणि दुसऱ्याचं ऐकून सांगू नका."